भूमी नाही, वकिलाती शंभर

राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, ‘राज्याचे घटक किती?’ तो डोळे चोळीत सांगेल, ‘चार. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व.’ गेली अठरा-वीस वर्षे मी वर्गात हेच सांगत आलो आहे, आणि ते चूक आहे असेही नाही. १९३३ साली माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांनी जो करार केला, त्यातही जवळजवळ हेच चार घटक आहेत. फक्त चौथ्याच्या जागी ‘इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची पात्रता’ असे शब्द आहेत. हे शिकवीत असताना एका वर्षी मागच्या बाकावरल्या एका मुलाने विचारले, “सर, एखाद्याजवळ जमीन मुळीच नसेल, पण बाकीचे देश त्याच्याशी संबंध ठेवीत असतील, तर?” मी म्हणालो, “तसे होत नाही. बस खाली.” तो बिचारा बसला. पण माझे ते उत्तर घाईचे होते. तसे होते, आणि गेली दोनशेहून अधिक वर्षे होत आले आहे. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आता तुमच्यापुढे मांडतो.

रोम शहरात कोंडोट्टी नावाचा एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना उंची कपड्यांची आणि दागिन्यांची दुकाने. त्या दुकानांच्या रांगेत ६८ क्रमांकाचा एक जुना वाडा आहे. वाड्यावर तांबडे निशाण, त्यावर पांढरा क्रूस. आत एका राष्ट्रप्रमुखाचे निवासस्थान, एक मंत्रिमंडळ, परराष्ट्र खाते. इटलीच्या पोलिसांना आपण होऊन आत शिरता येत नाही, कारण इटलीने या वाड्याला परक्या वकिलातीसारखाच मान दिला आहे. या राष्ट्रप्रमुखाकडे जगातल्या शंभराहून अधिक देशांचे राजदूत आपली अधिकारपत्रे सादर करतात, आणि तितक्याच देशांत त्याचे राजदूत जातात. मात्र त्याला देश नाही. वाडा आहे, टेकडीवर एक बंगला आहे, बस्स. शेत नाही, शीव नाही, प्रजाही नाही.

या संस्थेचे पुरते नाव घ्यायचे तर दम लागतो: जेरुसलेम, ऱ्होड्स आणि माल्टा येथील संत जॉनचा सार्वभौम, लष्करी, रुग्णसेवी संघ. आपण नुसते ‘माल्टाचा संघ’ म्हणू. एवढे लक्षात असू द्या, की माल्टा नावाचे जे बेट आणि देश भूमध्य समुद्रात आहे, त्याचा आणि या संघाचा आज राज्यकारभाराच्या दृष्टीने काही संबंध नाही. सावकाराचे घर विकले गेले तरी गावात त्या घराला त्याच्याच नावाने ओळखतात ना, तसा हा प्रकार आहे. इथे मात्र उलटे झाले आहे: घराचे नाव मालकाला चिकटले आहे.

आता हे झाले कसे, ते पाहू.

अकराव्या शतकाच्या मध्याला इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा आणि रुग्णालय काढले. जेरार्ड नावाचा एक साधू ते चालवी. १११३ साली १५ फेब्रुवारीला पोप दुसरे पास्काल यांनी एक फर्मान काढले. या फर्मानाने रुग्णालय पोपच्या संरक्षणाखाली आले, आणि तिथल्या बंधूंना आपला प्रमुख आपणच निवडण्याचा अधिकार मिळाला. कोणा राजाने किंवा बिशपने त्यात हात घालायचा नाही. या संघाचे सारे भाग्य आणि सारे दुखणे त्या एका कागदात आहे. त्या कागदाने त्याला सगळ्या राजांपासून मोकळे केले. आणि त्याच कागदाने त्याची दोरी पोपच्या हाती दिली. ही दोरी पुढे कशी ओढली गेली ते शेवटी सांगणार आहे.

रुग्णालय होते तोवर तलवारीचे काम नव्हते. पण ते धर्मयुद्धांचे दिवस. यात्रेकरूंचे रक्षण करता करता हे बंधू योद्धे बनले. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन अशी साधूची तीन व्रते घ्यायची आणि चिलखत चढवून घोड्यावर बसायचे, असा तो विलक्षण पंथ. त्यांच्या प्रमुखाला ग्रँड मास्टर म्हणतात. मठाधिपती आणि सेनापती अशी दोन्ही पदे त्याच्या एकट्याच्या अंगावर. ११८७ साली सलादीनने जेरुसलेम घेतले. १२९१ साली आक्र हे शेवटचे ठाणेही पडले. नाइट मंडळी सायप्रसला गेली, तिथून त्यांनी ऱ्होड्स बेट जिंकले, आणि १३१० पासून दोनशेहून अधिक वर्षे तिथे स्वतंत्र राज्य केले. १५२२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान सहा महिने वेढा घालून बसला. अखेर तह झाला, आणि १५२३ च्या पहिल्याच दिवशी संघाने सन्मानाने बेट सोडले.

इथे थोडे थांबा. १५२३ ते १५३० अशी सात वर्षे संघाजवळ वीतभर जमीन नव्हती. गलबते होती, ग्रँड मास्टर होता, मंडळ होते, आणि या दरबारातून त्या दरबारात आर्जवे करणारे वकील होते. ‘तुमचे राज्य बुडाले, आता तुमच्याशी बोलणे नाही’ असे कोणी म्हटले नाही. भूमीवाचून जगण्याचा पहिला धडा संघाने तेव्हाच गिरवला.

१५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा आणि गोझो ही बेटे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे त्रिपोली दिले. खंडणी किती, तर वर्षाला एक ससाणा. शिकारीचा एक पक्षी पाठवायचा आणि राज्य करायचे! १५६५ मध्ये तुर्कांनी माल्टाला घातलेला प्रचंड वेढा ग्रँड मास्टर ला व्हॅलेट याने परतवला. आजच्या माल्टाची राजधानी व्हॅलेटा त्याच्याच नावाची. या नगरीत संघाने बांधलेल्या रुग्णालयाची कीर्ती युरोपभर झाली. रोग्यांना तिथे चांदीच्या भांड्यांतून अन्न देत. पण एकाच बाजूचे चित्र रंगवणे बरे नव्हे. याच संघाच्या गलबतांची वल्ही गुलाम मारीत; समुद्रावर पकडलेले मुसलमान खलाशी माल्टाच्या बाजारात विकले जात. रुग्णशय्या आणि गुलामांचा बाजार एकाच गावात होता. संघाच्या आजच्या कार्याचे कौतुक करताना हे विसरू नये.

या काळातला एक माणूस आपल्या इतिहासाच्या वाटेवर भेटतो, म्हणून सांगतो. १७८२ साली हैदर अली इंग्रजांशी लढत होता, तेव्हा फ्रान्सचे एक आरमार कोरोमांडल किनाऱ्यावर आले आणि १७८२-८३ या काळात इंग्रज दर्यासारंग ह्यूज याच्याशी त्याच्या पाच लढाया झाल्या. त्या आरमाराचा प्रमुख सुफ्रां. हैदर अलीने त्याची मुद्दाम भेट घेतली होती. हा सुफ्रां लहानपणापासून माल्टाचा नाइट; संघाच्या गलबतांवर त्याने समुद्राचे धडे घेतले होते. हिंदुस्थानातून परत गेल्यावर पॅरिसच्या दरबारात संघाचा राजदूत म्हणून त्याचीच नेमणूक झाली. म्हणजे पहा, फ्रान्सचा सेनापती, फ्रान्सच्याच राजापुढे, दुसऱ्या सत्तेचा वकील! आपल्याला हे चमत्कारिक वाटते. पण संघाचे आजचे सभासदही आपापल्या देशांचे नागरिकच असतात, आणि त्याचे बहुतेक राजदूत पगारी नोकर नसून दुसरा उद्योग सांभाळून हे काम करणारे असतात. दोन ठिकाणी निष्ठा असण्याची ही सवय जुनी आहे.

१७९८ च्या जूनमध्ये इजिप्तच्या वाटेवर नेपोलियन माल्टाला येऊन थडकला. २६८ वर्षांचे राज्य काही दिवसांत गेले. ख्रिस्ती माणसावर शस्त्र उचलायचे नाही हा संघाचा नियम होता; शिवाय पुष्कळसे नाइट स्वतःच फ्रेंच. ग्रँड मास्टर होम्पेश चालता झाला. पुढे इंग्रजांच्या मदतीने माल्टाच्या लोकांनी फ्रेंचांना घालवले, आणि १८०२ च्या आमियांच्या तहात बेट संघाला परत द्यावे असे ठरलेही. पण इंग्रजांनी ते दिले नाही. १८१४ साली पॅरिसच्या तहाने ते इंग्रजांचे झाले, आणि संघाचा भूमीवरचा हक्क संपला तो संपलाच. काही वर्षे हिंडून १८३४ मध्ये संघ रोमला त्या कोंडोट्टी रस्त्यावरच्या वाड्यात येऊन राहिला. त्याआधीच, १८०५ पासून, ग्रँड मास्टरचे पद रिकामे पडले होते. ते १८७९ पर्यंत तसेच राहिले.

तेव्हा प्रश्न असा, की हे प्रेत कोणी पुरले का नाही? माझ्या मते याचे उत्तर संघाच्या पराक्रमात नाही. दुसऱ्या कोणाची त्यात अडचण नव्हती, हे एक कारण. आणि दुसरे असे, की आंतरराष्ट्रीय कायद्यात मान्यता ही वाटते तितकी तत्त्वाची गोष्ट नाही. ती बरीचशी वहिवाटीची गोष्ट आहे. शेतातून जाणारी पायवाट बघा. ती कोणी मोजून आखलेली नसते. लोक चालतात म्हणून वाट होते, आणि चालत राहतात तोवर राहते. ऑस्ट्रियाच्या दरबाराने, पोपच्या पीठाने संघाशी व्यवहार चालू ठेवला, आणि वाट बुजली नाही. यातही एक मोठा दाखला शेजारीच घडला. १८७० साली इटलीने रोम घेतले आणि पोपचे राज्य खालसा झाले. १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत, म्हणजे ५९ वर्षे, पोपजवळ सार्वभौम अशी भूमी नव्हती. तरी राजे त्याच्याकडे राजदूत पाठवीतच होते. वकील पाठवायचा तो जमिनीकडे नव्हे, अधिकाराकडे, हे यावरून लोकांच्या अंगवळणी पडले.

कायद्याचे शिक्कामोर्तब झाले ते मात्र एका साध्या, मालमत्तेच्या खटल्यात. इटलीत संस्थांना स्थावर मिळवायची तर सरकारची परवानगी लागे. संघालाही ती लागते का, असा वाद निघाला. १९३५ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने नॅनी खटल्यात सांगितले, की हा संघ आंतरराष्ट्रीय व्यक्ती आहे. इथल्या संस्थांचे नियम त्याला लावता येत नाहीत. कायद्याच्या भाषेत ‘व्यक्ती’ म्हणजे हातापायांचा माणूस नव्हे, हक्क आणि कर्तव्ये ज्याच्या ठिकाणी असतात तो. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगायला हवे होते: सगळी राज्ये आंतरराष्ट्रीय व्यक्ती असतात, पण सगळ्या आंतरराष्ट्रीय व्यक्ती राज्ये असतात असे नाही.

या दर्जाचा कधी कधी गमतीचा उपयोगही होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या शांतता तहाने इटलीने किती लष्करी विमाने बाळगावीत यावर मर्यादा आली. तेव्हा काही वाहतुकीची विमाने संघाच्या नावावर झाली आणि त्यांच्यावर संघाचा क्रूस रंगवला गेला. ज्याला विमान उतरवायला स्वतःचे मैदान नाही, त्याचे हवाई दल झाले! संघ स्वतःची टपाल तिकिटेही काढतो. पन्नासाहून अधिक देश टपाल करारांनुसार ती मानतात. स्कूडो नावाची नाणी पाडतो. ती बाजारात चालत नाहीत, संग्राहक घेतात. पासपोर्टही देतो, पण ते सामान्य सभासदाला नाहीत. ग्रँड मास्टर, मंत्री, राजदूत अशा मोजक्या मंडळींना, आणि तेही पद असेपर्यंत.

आता खरा सवाल. हा सगळा सरंजाम कशासाठी? निशाण, नाणी, अधिकारपत्रे यांचे कौतुक चार घटका होईल. त्यापलीकडे काय?

संघाचे आज सुमारे साडेतेरा हजार सभासद आहेत. त्यांतले साधूची तीन व्रते घेतलेले फारच थोडे, बाकीचे संसारी. त्यांच्याखेरीज हजारो पगारी डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंसेवक. काम सव्वाशेच्या आसपास देशांत. बेथलेहेममध्ये संघाचे एक प्रसूतिगृह १९९० पासून चालले आहे. तिथे येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया मुसलमान आहेत. अशा जागी काम करायचे म्हणजे औषधांची पेटी जकातीतून सुटली पाहिजे, डॉक्टरला नाक्यावरून पलीकडे जाऊ दिले पाहिजे, आणि हे आजच्या आज झाले पाहिजे. सामान्य धर्मादाय संस्थेचा चिटणीस अर्ज लिहितो, आणि अर्जाचा प्रवास कसा होतो हे आपल्याला काही कोणी सांगायला नको. राजदूताला तसे करावे लागत नाही. तो परराष्ट्रमंत्र्याची भेट मागू शकतो. शिवाय त्याच्या पाठीशी सैन्य नाही, तेलाचा सौदा नाही, सीमेचा तंटा नाही. म्हणून यजमान देशाला त्याची धास्ती वाटत नाही. जमीन नसणे ही उणीव होती, तीच या कामात सोय झाली. अनेक देशांशी संघाने रुग्णालये आणि मदतकार्य यांबाबत करार केले आहेत, आणि वकिलातीचे मुख्य काम तेच.

संयुक्त राष्ट्रांनी २४ ऑगस्ट १९९४ रोजी संघाला आमसभेत निरीक्षक म्हणून बसण्याचे निमंत्रण दिले. पण कोठे बसवले ते पहा. पोपचे पीठ आणि पॅलेस्टाइन यांना सभासद नसलेली राज्ये म्हणून स्थान आहे. संघाला मात्र वेगळ्या रांगेत, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या शेजारी बसवले. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. राज्य म्हटले नाही, दारही लावले नाही. सगळे देश मात्र एवढेही मानत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, चीन यांचे संघाशी राजनैतिक संबंध नाहीत. आपल्या भारताचेही नाहीत.

आपल्याकडे रेल्वेत, कारखान्यांत प्रथमोपचाराचे वर्ग घेणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आहे. तिच्या बिल्ल्यावरचा आठ टोकांचा पांढरा क्रूस संघाच्याच क्रूसाच्या घडणीचा. घराणे एक, पण ती शाखा इंग्लंडमधली, वेगळी. तिचा आणि वकिलातींचा संबंध नाही. याखेरीज माल्टाच्या नाइटपणाचे मानपत्र आणि पासपोर्ट पैसे घेऊन विकणारे तोतयेही जगात पुष्कळ आहेत. कोणी असा कागद पुढे केला तर खिशाला हात लावू नका.

राहिली ती दोरी. राजांपासून मोकळा असलेला संघ पोपपासून मोकळा आहे काय? १९५१ साली ग्रँड मास्टर किजी वारले, तेव्हा रोममधल्या धर्मसत्तेचा आणि संघाचा वाद चिघळला होता. पोप बारावे पायस यांनी पाच कार्डिनलांचे न्यायमंडळ नेमले. २४ जानेवारी १९५३ रोजी निकाल लागला: संघ सार्वभौम आहे, पण त्याचे कार्य पार पाडण्यापुरता, आणि धार्मिक संस्था म्हणून तो धर्मपीठाच्या अधीन आहे. दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असे म्हणता येईल असा हा निकाल. नवा ग्रँड मास्टर निवडायला मात्र १९६२ साल उजाडले.

भांडण तिथे मिटले नाही. ब्रह्मदेशात संघाच्या मदत शाखेच्या कामात संततिनियमनाची साधने वाटली गेली, या कारणावरून डिसेंबर २०१६ मध्ये ग्रँड मास्टर फेस्टिंग यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्याला, बोसेलागर यांना, काढून टाकले. पोप फ्रान्सिस यांनी चौकशी समिती नेमली. फेस्टिंग म्हणाले, हा सार्वभौम संघाचा घरचा कारभार आहे, बाहेरच्यांनी लक्ष घालू नये. कायद्याच्या पुस्तकाने पाहिले तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण ज्याने आज्ञापालनाचे व्रत घेतले आहे त्याने हे कोणाला सांगायचे? २४ जानेवारी २०१७ रोजी पोपनी त्यांना बोलावून राजीनामा मागितला, आणि त्यांनी तो दिला. बोसेलागर परत आले. तारीख पुन्हा २४ जानेवारीच, हा योगायोग. पुढे ३ सप्टेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या अधिकारात संघाची नवी घटना जारी केली आणि जुने मंडळ बरखास्त केले. ग्रँड मास्टरचे पद पूर्वी तहहयात होते, आणि त्याला खानदानी घराण्यातलाच माणूस लागे. आता मुदत दहा वर्षांची झाली, कुळाची अट गेली. या घटनेप्रमाणे ३ मे २०२३ रोजी कॅनडाचे जॉन डनलॅप निवडून आले.

यावर कोणी विचारील, दुसऱ्या सत्तेने घटना लिहून दिली तर सार्वभौमत्व उरले कोठे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या देशात पोपचे चालत नाही, तिथल्या परराष्ट्र खात्याने उद्या म्हटले, की तुम्ही पोपचेच हस्तक, तर बेथलेहेमसारख्या ठिकाणी उपयोगी पडणारी तटस्थता लंगडी होईल. मला वाटते, संघाच्या वकिलातींना खरा धोका जमीन नसण्याचा कधीच नव्हता. तो इथे आहे. अजून तरी कोणा देशाने या कारणासाठी आपला राजदूत परत बोलावलेला नाही. वाट चालती आहे.

माल्टा देश १९६४ साली स्वतंत्र झाला. संघाचे आणि त्याचेही आज राजनैतिक संबंध आहेत. व्हॅलेटा नगरी संघाने वसवली. तिच्या तटाला संघाने बांधलेला सेंट जॉन कॅव्हेलियर नावाचा एक भक्कम बुरूज आहे. त्या बुरुजात आज संघाची वकिलात आहे, परक्या सत्तेची असते तशी. पलीकडे बंदरात सेंट अँजेलोचा किल्ला दिसतो. १५६५ च्या वेढ्यात ला व्हॅलेट तिथून लढला होता. त्या किल्ल्याचा वरचा भाग १९९८ च्या कराराने माल्टा सरकारने संघाला वापरायला दिला आहे, ९९ वर्षांच्या मुदतीने.